रसपात्र आणि भाकरी

जालन्याच्या आमच्या पोलाद-कारखान्यातले किस्से धातुमळीसारखे साचत. प्रत्येक ओतणीमागे एक थर बसे आणि तो खरवडायला कुणालाच सवड नसे. खेद एवढाच, की बहुतेक थर माझ्याच नावाचे आहेत!

*

सत्तरच्या दशकात मी तिथे नवा अभियंता होतो. वितळलेले पोलाद भट्टीतून साच्यांकडे नेणाऱ्या अजस्र बादलीला सारे लॅडल म्हणत. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावले, "लॅडलचं विटांचं अस्तर दहा ओतण्यांत फोडावं लागतं. फुकटचा खर्चा! दसऱ्यापर्यंत एका अस्तरात पंधरा काढून दाखवा, न्हाई तर दुसरी नोकरी पाहा."

अस्तर लावणारे खरात मिस्त्री वयाने माझ्याहून वडील. त्यांना मी प्रथम हेच सुचविले, की या वस्तूला 'रसपात्र' म्हणावे.

"नाव काय बी ठेवा, सायेब. फकस्त आत वाकून बघू नका!"

*

ओतण्यापूर्वी पात्र लाकडे जाळून तापवीत. जळण बेसुमार जाई. मी सागाच्या फळीवर वळणदार अक्षरांत लिहून लावले : 'इंधनाचा अपव्यय टाळावा.' आठवड्यात फळी नाहीशी झाली. मी चौकशी केली.

मिस्त्री अदबीने म्हणाले, "लई झकास जळाली, सायेब. ओल्या बाभळीला तिची सर न्हाई. अजून एखादी लिहा की!"

*

पात्रातल्या पोलादाची उष्णता टिकावी म्हणून त्यावर भुईमुगाची टरफले पसरावीत, अशी माझी योजना. केदारखेड्याहून दोन पोती मागविली. पाठविणाऱ्याने सबंध शेंगाच पाठविल्या. दुपारी पाहतो तो पोत्यांभोवती सारी पाळी मांडी घालून बसलेली, तोंडे चाललेली!

"हे काय चालले आहे?"

"टरफलं करून राह्यलो, सायेब!"

*

कामगार आपल्या भाकऱ्या रिकाम्या पण अजून तापलेल्या पात्राच्या बाहेरच्या पत्र्याला टेकवून ऊन करीत. मला ते अशोभनीय वाटले. मी फर्मान काढले : 'उत्पादनसाधनाचा स्वयंपाकासाठी वापर निषिद्ध.'

मिस्त्री ते दोनदा वाचून म्हणाले, "मंग अस्तर किती राह्यलं, ते कसं कळावं?"

"ओतण्यांची नोंद माझ्या वहीत आहे."

"वही तापत न्हाई, सायेब!"

*

दसरा जवळ आला. एकाच अस्तरात तेरा ओतण्या निर्विघ्न पार पडल्या. चौदावी पाहायला मालक स्वतः आले. वहीप्रमाणे सारे ठीक होते. तापविलेल्या पात्रात पोलाद ओतण्याची मी खूण करणार, इतक्यात मिस्त्रींनी डबा उघडला, भाकरी काढली आणि मालकांदेखत पत्र्यावर फिरविली. एके जागी ती क्षणात काळीठिक्कर पडली.

"हितली वीट संपली. बिलकुल ओतू नका!"

मी फर्मानाची आठवण करून देणार होतो. पण ती भाकरी पाहून खुणेसाठी उचललेला हात खाली घेतला. भट्टीतले पोलाद दुसऱ्या पात्रात उतरविले. पहिले पात्र थंड झाल्यावर आत पाहिले, तर त्या जागी वीट जेमतेम बोटभर उरलेली. ओतताना नेमके त्याच जागेसमोर चौघे कामगार उभे राहणार होते.

"आता सगळेच अस्तर फोडावे लागेल," मी म्हणालो.

"सगळं कशाला? जिथं करपली, तेवढंच बदलू!"

तेवढेच बदलले. दसऱ्यापर्यंत त्या अस्तराने सोळा ओतण्या काढल्या. माझी नोकरीही टिकली.

मात्र ती भाकरी करपली, त्याच्या दुसऱ्या सकाळी पत्नी माझा डबा भरीत होती. मी म्हटले, "आज एक भाकरी जास्त घाल."

"अहो, भूक वाढली का?"

"मला नको. लॅडलला."