सहा पायांचं जनावर

मुळशी धरणाकाठी ज्यांच्या रानातल्या गुहेत आम्ही आमचा रोबो चालवायचो, ते काका सगळ्या यंत्रांशी जनावरांसारखंच बोलायचे. किक मारण्याआधी मोटरसायकलच्या टाकीवर थाप द्यायचे. पाण्याचा पंप कुरकुरला की म्हणायचे, "व्हय बाबा, दमलायस."

आम्ही चौघे हिंजवडीत नोकरी करायचो. चंद्रावरच्या गुहांमध्ये आपली आपण वाट शोधत चालेल असा सहा पायांचा रोबो बनवायचा, हे आमचं रविवारचं वेड. पहिल्याच रविवारी काका तांब्या घेऊन आले आणि आम्ही ओरडायच्या आत त्यांनी त्याच्या सहाही पायांवर पाणी ओतलं.

"नवं जनावर दारात आलं की पाय धुत्यात," ते म्हणाले.

रोबो थरथरला आणि बसला, तो उठलाच नाही.

पुढच्या खेपेला आम्ही त्याच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे मोजे चढवले. काकांनी पुन्हा पाय धुतले आणि तो डुलत डुलत एकटाच गुहेच्या अंधारात गेला. "ये रं, ये रं राजा," काका हाका मारत होते. त्याला कान नव्हते, पण तो आला! आम्ही चिखलात नाचलो, काका आमच्याहून जास्त.

नाचता नाचता ते एकदम थांबले. "तितं चंद्रावर ह्याचं पाय कोन धुनार?"

"तिथं कुणीच नसतं, काका," आम्हा चौघा इंजिनिअरांपैकी एक म्हणाला.

"मग तितलंबी हितंच धुतो," म्हणत ते तांब्या भरून घेऊन आले. या वेळी कुणी ओरडलं नाही. आम्ही खाली वाकून एकेक पाय उचलून धरला.