पट्ट्याचं पुढचं भोक

चाकणचा आमचा गॅरेजवाला स्वतःचं वजन काट्यावर मोजत नाही. कमरेचा पट्टा सैल झाला की खिळा-हातोडीने त्याला नवं भोक पाडतो आणि लोंबणारं टोक खिशात खोचतो.

परवा स्कूटर घेऊन गेले, तर बिनसाखरेचा चहा पीत म्हणाला, "वहिनी, हे चौथं! शुगर पण आटोक्यात हाय."

मी हसले, पण आतून जळत होते.

त्याला आणि आमच्या ह्यांना मधुमेह एकाच तपासणी शिबिरात कळला. दोघांनी रोज चालायला सुरुवात केली त्या दिवशी त्यानेच ह्यांच्या पट्ट्याला आगाऊ भोक पाडलं होतं. "भाऊ, दिवाळीपर्यंत इथं यायचं राव!"

ह्यांनी आठवड्यातच चालणं सोडलं. ह्यांना जाऊन आता वर्ष झालं. पट्टा कपाटात आहे. त्या भोकाची कड अजून कोरी आहे.