अधिशोषण आणि माझी फजिती

आमच्या रसायनशास्त्र विभागात चहाला चार जण जमले की किस्सा निघतोच. इतके साचलेत, की नव्या प्राध्यापकाला सिलॅबसच्या आधी किस्से कळतात! दुःख एवढंच, की बहुतेकांत फजिती माझी असते. आणि तिच्या मुळाशी हमखास एकच शब्द: अधिशोषण. इंग्रजीत ॲड्सॉर्प्शन.

*

नोकरीतल्या पहिल्याच तासाला मी छाती फुगवून सांगितलं, "स्पंज पाणी आत घेतो, ते शोषण. ॲब्सॉर्प्शन. कोळशावर वायू नुसता पृष्ठभागाला धरून राहतो, ते अधिशोषण. ॲड्सॉर्प्शन. फरक एका अक्षराचा. बी आणि डी!"

लासूर स्टेशनहून येणारी एक मुलगी उठली. "सर, फळ्यावर तुम्ही बी काढलाय का डी?"

मी वळून पाहिलं. मलाही कळेना!

*

एकदा शब्दाचं मूळ सांगायची हुक्की आली. "लॅटिनमध्ये 'ॲड' म्हणजे कडे, जवळ. 'सॉर्बेरे' म्हणजे शोषून घेणं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या एका शास्त्रज्ञाला पृष्ठभागावरच्या प्रकारासाठी वेगळा शब्द हवा होता. त्यानं 'ॲब'च्या जागी 'ॲड' लावलं!"

सगळ्यांची पेनं थांबली. मला वाटलं, पोरं भारावली. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे त्याच्यापायी आमचे दोन मार्क जातेत व्हय!"

*

कॉलेज तपासायला समिती आली, तेव्हा मी खडूचा प्रयोग लावला. पांढरा खडू निळ्या शाईत बुडवायचा. रंग बाहेरच धरला जातो, पाणी आत जातं. मोडला की आतून पांढरा.

मी समितीकडे बघतच एक बुडवला, रुबाबात मोडला. आतून निळा! दुसरा बुडवला, मोडला. तोही निळा!

समितीचे अध्यक्ष पुढे झुकले. "नवीन शोध दिसतोय!"

शेजारी उभ्या असलेल्या आमच्या कांबळे मॅडम कानात पुटपुटल्या, "सर, डबा निळ्या खडूंचा उचललाय तुम्ही."

*

वेरूळच्या सहलीत मी नवे बूट घालून दिवसभर लंगडत होतो. "वय झालं आता," असं सगळ्यांना सांगून सहानुभूतीही मिळवली. देवळाबाहेर बूट काढले, तर आतून सिलिका जेलची पुडी पडली. ओलावा धरून ठेवणारी, अधिशोषणाचं माझं आवडतं उदाहरण!

कांबळे मॅडमनी वाकून पाहिलं. "काही म्हणा सर, पाय मात्र कोरडा आहे."

*

उस्मानपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये माझं व्याख्यान होतं. एरवी मला ऐकायला आयोजक आणि माइकवाला असतात. त्या दिवशी हॉल खचाखच! वाळूजच्या कंपन्यांतले कामगार, युनियनची मंडळी, बायामाणसं. बाहेरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत विषय होता: 'शोषण आणि अधिशोषण'. माझे तर डोळेच भरून आले.

तासभर मी वायू, रेणू, पृष्ठभाग यांवर बोललो. एकही जण उठला नाही. शेवटी पुढच्या रांगेतले युनियनचे काका उभे राहिले.

"सर, शोषण आम्हाला माहितीय. लई भोगलंय. पण हे अधिशोषण म्हंजे त्याच्याबी वरचं दिसतंय. ते सगळ्यात जास्त कोण करतं? नाव घ्या. भिऊ नका, आम्ही पाठीशी हाय!"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

"कोळसा," मी म्हणालो.

काकांनी मूठ वर केली. "कोळसेवाल्यांचा..."

अख्खा हॉल गरजला, "धिक्कार असो!"