मागे वळून पाहिलं का तिनं?

अक्का गेल्याचा फोन समोरच्या शेठजींच्या दुकानात आला. त्यांचा माणूस हाक मारायला आला तेव्हा मी दाढी करत होतो. ती अर्धी राहिली, ती तशीच राहिली... धुळ्याला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. याला आता महिना उलटून गेला. गेलेल्या माणसाचं मोठेपण लिहायची रीत आहे. मला माझ्या या थोरल्या बहिणीबद्दल एकच गोष्ट लिहायची आहे, आणि ती तिच्या हयातीत माझ्या तोंडून निघाली नाही.

अक्काला पारोळ्याला दिलेली. मूलबाळ नव्हतं, मेव्हणे गेले तशी ती धरणगावला माझ्याकडे आली. मी तिथल्या एका कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होतो. एका हंगामात सरकीच्या गोदामात हमालांना एक रानटी मांजरी सापडली. कापसाच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्टीत तिचा मागचा पाय अडकलेला. सोडवायला गेलेल्याचा तिनं हात फाडला. मी जेवताना सहज सांगितलं, तर अक्का पदर खोचून माझ्याआधी जिनात हजर! अंगावर पोतं टाकून तिनं मांजरी उचलली आणि घरच्या मागच्या खोलीत, कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवली.

थोडं लंगडणं राहिलं, पण पाय लवकर भरला. भीती भरेना. कुणी आलं की ती फिसकारून कोपऱ्यात दडे. अक्का तिच्याकडे पाठ करून बसायची, डाळ निवडायची, नजर द्यायची नाही. आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा तिनं मांजरीला अंथरायला दिला होता. पितळी वाटीत दूधभाकरी कुस्करायची, वाटीवर नखानं टकटक करायची आणि तोंड फिरवायची. वाटी रोज थोडी आपल्याकडे ओढायची. हात लावायच्या आधी तिनं पळीच्या दांड्याला चिंधी गुंडाळून मांजरीची मान खाजवली. शेजारची काकू दारातून टोमणा मारी, "अक्का, वाघीण पाळी ऱ्हायनी का?"

"वाघनी मावशी शे ती. तुले भेव वाटस ते लांब ऱ्हाय."

मी कंटाळून म्हणे, "किती दिवस चालायचं हे?" तर म्हणायची, "भाऊ, घाई तुले शे, तिले नही."

हिवाळा गेला. एका दुपारी डोकावलो तर मांजरी तिच्या मांडीवर झोपलेली, आणि पायाला मुंग्या आल्या तरी अक्का हलेना. मेव्हणे गेल्यानंतर तिला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

पुढे बायको बाळंतपणाहून आली. मांजरी पाळण्याखाली जाऊन बसायला लागली. सासूबाई म्हणाल्या, तान्ह्याजवळ मांजर नको. बायकोचं म्हणणं एवढंच, की मागच्या खोलीचं दार लावून घेत जा. ते अक्काला सांगायचं मला धाडस झालं नाही. विधवा बहीण भावाच्या घरी राहते; दार लावायला सांगितलं तर ती ते स्वतःवर घेईल, असं मला वाटलं. निदान तेव्हा मी स्वतःची तशी समजूत घातली.

अक्का लग्नाला पारोळ्याला गेली होती. मी वाटीवर टकटक केलं. मांजरी शेपटी उभारून आली आणि मी उघडून धरलेल्या पोत्यात आपण होऊन शिरली. मांजर मारणं पाप, म्हणून आमच्याकडे कुणी मारत नाही. नदीपलीकडे सोडतात आणि हात धुतात. मीही गिरणेच्या पलीकडे गेलो. पोतं उघडलं. वाटलं होतं, उडी मारून पळेल. ती माझ्या पायाला अंग घासत उभी राहिली. मी सायकलवर टांग टाकली. मागून ओरडणं बराच वेळ येत होतं... एक पाय ओढत ती वाळूतून पळत येत असणार, हे न पाहताही कळत होतं.

अक्का आली. मी म्हणालो, "गेली ती. दार उघडं मिळालं आणि पळाली. रानटीच शेवटी."

पिशवीही खाली न ठेवता तिनं विचारलं, "मांगे वळीसन दखं का तिनी?"

"नाही," मी म्हणालो.

"मन्हंच काही चुकनं व्हई," एवढंच ती बोलली. संध्याकाळी मागच्या दारात वाटी वाजवणं मात्र तिनं पावसाळ्यापर्यंत सोडलं नाही. मी रेडिओ मोठा करून बसायचो. काही वर्षांनी माझ्या मुलीनं भिजलेलं पिल्लू तिच्या ओटीत आणून टाकलं. अक्कानं त्याला हातही लावला नाही. "नको बेटा, मन्हा हातले गुण नही." त्या हाताला काय गुण होता, ते या जगात मलाच माहीत होतं. मी पेपर वाचत बसलो. पुढे ती धुळ्याला पुतण्याकडे राहायला गेली. शेवटच्या भेटीत तिनं माझा हात धरला होता, खोलीत दुसरं कुणी नव्हतं... मी मोसंबी सोलून दिली आणि बसची वेळ झाली म्हणून उठलो.

तिच्या सामानातून मी ती पितळी वाटी मागून आणली. परवा खिडकीशी बसून तिच्यावर नखानं टकटक केलं. आतून बायकोनं विचारलं, "कोणाला बोलावताय?" मी म्हणालो, "कुणाला नाही."

अक्का, ती मागे वळली नाही, एवढं खरं होतं. वळायला ती पुढे गेलीच नव्हती. निघून मी गेलो होतो, आणि मी वळून पाहिलं नाही.