मोठ्या मायचा साफ रिपोर्ट

शेतातून घरापर्यंतची वाट दहा मिनिटांची. मोठ्या मायला ती पाऊण तास पुरायची. रस्त्यातलं एकही दार ती सोडत नसे. ओट्याला हात टेकायचा आणि असा प्रश्न टाकायचा की समोरच्या बाईनं पाच मिनिटं तरी बोललंच पाहिजे. "काय वो, तुयी सून आली का माहेरून?" "औंदा पापड कोनाचे चांगले झाले?" बाई बोलत राहायची, मोठी माय मान हलवायची आणि मग पुढचं दार गाठायची. मोठे बाबा ओसरीवर बसून हे बघत आणि म्हणत, "मायी बायको पॅसेंजर गाडी हाये. एक ठेसन सोडत नाई." आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच हसायचे.

मोठी माय म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. बाबा वनखात्यात, नोकरी सेमाडोहच्या जंगलात. तिकडे माझ्या शाळेचं जमेना, म्हणून पाचवीपासून मी बाळापूरजवळच्या आमच्या गावी तिच्या हाताखाली वाढले. नदीकाठच्या दोन एकरांत मेथी, पालक, संभार म्हणजे कोथिंबीर, वांगी. पहाटे जुड्या बांधायच्या, पाट्या भरायच्या आणि अकोल्याच्या बाजाराची गाडी गाठायची, हा तिचा जन्माचा नेम. जुडी बांधताना तिचं तोंडही चालू असे. माझं लग्न, शेजारणीचा संसार, सरपंचाची अक्कल, सगळ्यांचा निकाल मेथीची पानं पिवळी पडायच्या आत लागायचा.

स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलायला तिला कधी संकोच वाटला नाही. संधिवातानं तिची बोटं सकाळी फुगून यायची, मुठी मिटायच्या नाहीत. मग चहाचा स्टीलचा गरम पेला दोन्ही हातांत धरून ती बसून राहायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "थांब जरासं. बोटं उठले नाईत अजून." थंडीत तर ती सुतळीची गाठ दातानं ओढायची. तिचं हे बोलणं ऐकून कोणाला तिची कीव यायची नाही, गंमतच वाटायची. सतत बोलणाऱ्या माणसाचं दुखणं लोक गाण्यासारखं ऐकतात, आणि इथंच घात झाला.

पुढे मी अमरावतीला एका पॅथॉलॉजीत लागले. एका हिवाळ्यात ती माझ्याकडे आली असताना मी हौसेनं तिचं रक्त काढलं. अंगातली सूज दाखवणारी एक तपासणी असते, सीआरपी. तिचा आकडा बराच वर होता. मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं, "मोठी माय, तुझ्या अंगात सूज आहे." तिनं आपली बोटं माझ्यापुढे धरली. "थे तं मलेही दिसते. त्याच्यासाठी रगत काहून काढलं?" मी हसून कागद तिच्या पिशवीत घातला. सूज म्हणजे बोटांची सूज, माझंही डोकं तेवढंच चाललं. रक्त काही बोटांपाशी थांबत नाही, ते सगळीकडे जातं, हे दिवसभर रक्ताच्या नळ्या हाताळणाऱ्या बाईला सुचू नये? आजही तो आकडा मला पाठ आहे.

त्याच हिवाळ्यात पाटी उचलताना तिच्या छातीवर वजन यायला लागलं. तिचा शब्द तोच, वजन. "कोनी पायलीभर जवारी ठेवून देल्ली असं वाटते. जबड्यातही भरून येते." नेहमीप्रमाणे तिनं हे गावभर सांगितलं. नेहमीप्रमाणे गावानं ओवा सुचवला, सोडा सुचवला, लिंबू सुचवलं. महिनाभरानं मात्र ती वाफ्यातच बसली आणि तिला उठता येईना. मग मोठे बाबा घाबरले. तिला अकोल्याला नेलं. मनगटातून तार घालून हृदयाच्या नळ्यांचा फोटो काढायचं ठरलं. ती आत गेली आणि मोठ्या बाबांनी बाहेरच्या बाकावर बसून गावच्या मारुतीला रोडग्यांचा नवस बोलला. रिपोर्ट साफ येऊ दे, गावाला रोडगे घालतो.

रिपोर्ट साफ आला. कुठेही अडथळा नाही. तिथले डॉक्टर पुढेही काही बोलले होते, गोळ्या चालू ठेवा, दुखलं तर परत या. पण 'साफ' हा शब्द कानावर पडल्यावर पुढचं ऐकायला आमच्यापैकी कोणी शुद्धीवर होतं कुठे! मोठे बाबा तर लहान पोरासारखे रडले.

रोडगे म्हणजे आमच्याकडे साधंसुधं जेवण नाही. वावरात गोवऱ्यांचा आर पेटतो, कणकेचे गोळे त्यात भाजतात, वांग्याची भाजी मोठ्या गंजात रटरटते आणि सारं गाव मांडी घालून जेवायला बसतं. त्या दिवशी आमच्याच वावरातली वांगी होती आणि वाढायला मोठी माय स्वतः होती. जो तो तिच्याकडे बघून म्हणत होता, "सुटली बाप्पा, बाई सुटली!" एवढ्या पानांच्या साक्षीनं तिचा आजार संपला. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाबांनी गोळ्यांची पिशवी भिंतीतल्या देवळीत, मागच्या बाजूला सरकवली. "नवस फेडल्यावर गोया खाल्ल्या तं देवाले काय वाटंन?" त्यांच्या मनात पाप नव्हतं. बायको बरी झाली यावर त्यांना मनापासून विश्वास ठेवायचा होता, आणि मलाही.

त्यानंतर तिनं छातीला हात लावला की घरातून एकच उत्तर यायचं, "रिपोर्ट तं साफ हाये ना." तिची सून म्हणायची, शेजारीण म्हणायची. फोनवर मीही म्हटलं आहे, एकदा नाही, बरेचदा. हळूहळू तिनं सांगणं सोडलं. बोटांबद्दल बोलायची, गुडघ्याबद्दल बोलायची, छातीबद्दल चकार शब्द नाही. आम्हाला वाटलं, राहिलं असेल दुखायचं.

दोन वर्षांनी दिवाळीत मी गावी गेले आणि तिच्यासोबत शेतातून परत निघाले. पहिल्या दारात ती थांबली. दुसऱ्या दारात थांबली. तिसऱ्या दारातल्या बाईला तिनं पापडांचं विचारलं आणि बाई वैतागून म्हणाली, "अवो, कालच तं सांगितलं तुमाले." मोठ्या मायनं ते ऐकलंच नव्हतं. तिनं ओट्याचा खांब घट्ट धरला होता, कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. थंडीचे दिवस होते. मला एकदम कळलं. आता ती दारादारांत बोलायला थांबत नव्हती, दम घ्यायला थांबत होती. नुसतं थांबलं तर लोक विचारतील, म्हणून आधी आपणच विचारायचं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"तुया मोठ्या बाबाले सांगू नको, पोरी," ती म्हणाली. "गावाले रोडगे चारले त्यानं. आता कोनत्या तोंडानं सांगू का दुखते?"

चार दिवस माझ्याकडे राहायला नेते असं सांगून मी तिला अमरावतीला आणलं आणि एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा तिचे हात हातात घेतले, फुगलेली बोटं पाहिली आणि मग छातीचं विचारलं. जुने कागद पाहिले, माझा तो सीआरपीचा कागदही. पुढे काही तपासण्या झाल्या. मग त्यांनी सांगितलं, "मोठ्या नळ्या मोकळ्याच आहेत. पण त्यांच्या पुढच्या बारीक नळ्या फोटोत दिसत नाहीत. बोटांत आहे तशी सूज त्यांच्या आतल्या अस्तराला आली आहे. काम पडलं की नळीनं रुंद व्हायला हवं, तुमच्या नळ्या होत नाहीत. हृदयाला रक्त कमी पडतं आणि दुखतं."

मोठ्या मायनं आपल्या फुगलेल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे मोटर चालू, मेन पाइप साफ, अन् शेवटच्या वाफ्याले पानी नाई."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचं दुखणं खरं आहे, आजी."

यावर ती रडली. आजार निघाला म्हणून नव्हे. पदरानं डोळे पुसून तिनं पहिली गोष्ट विचारली, ती गोळ्यांची नव्हती, किती जगेन याचीही नव्हती. "हे मराठीत लिहून द्याल का? दुखनं खरं हाये, येवढंच." डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं. तो कागद तिनं ब्लाउजमध्ये ठेवला आणि गावाला पोचेपर्यंत दर थोड्या वेळानं चाचपून पाहिला.

मोठ्या बाबांनी तो ओसरीवर बसून दोनदा वाचला. मला वाटलं चिडतील. ते उठले, देवळीतून ती जुनी पिशवी काढली, गोळ्यांवरच्या तारखा पाहिल्या आणि पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून पाटी ते उचलू लागले. वाटेत प्रत्येक दाराशी तेच आधी थांबायचे. "बस इथं. बोल जरासं." गावानं त्यांनाही पॅसेंजर म्हणायला सुरुवात केली.

नव्या गोळ्यांनी, सूज उतरवणाऱ्या औषधांनी तिला पुष्कळ आराम पडला. पण माझ्या जिवाला काही आराम नव्हता. रोज सकाळी सात वाजता मी फोन लावायचे आणि तिकडून आवाज येईपर्यंत माझीच छाती धडधडायची. ती हिशेबानं सांगायची, "आज एक डाव दुखलं. आज नाई दुखलं." थंडीच्या लाटेच्या बातम्या आल्या की मी रजेचा अर्ज लिहून ठेवायचे. फोन दोनदा वाजूनही उचलला नाही की मी चपला घालायचे. "इतकी काहून भेतं?" ती विचारायची. "आता तं सांगून राह्यली ना मी समदं." असे दोन हिवाळे निघाले.

तिसऱ्या हिवाळ्यात सातच्या आधी फोन आला. मोठे बाबा होते. पहाटे तिनं त्यांना हाक मारली होती, यावेळी वजन जास्त आहे म्हणाली होती. त्यांनी जिभेखाली गोळी ठेवली, गाडी बोलावली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. बाळापूर यायच्या आधीच सगळं संपलं.

मी पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. मोठे बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या चुलतभावानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय करता! नखात रोग नव्हता. बाई अचानक गेली."

मोठ्या बाबांनी तो हात खांद्यावरून काढला.

"अचानक नाई गेली," ते म्हणाले. "सांगू सांगू गेली थे. मीच म्हनत होतो, रिपोर्ट साफ हाये."