आठव्यांदा लिहिलेलं पहिलं पान

मालवणात कचेरीच्या रस्त्यावर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वारस नोंद, सातबाऱ्यावरची दुरुस्ती, रेशन कार्डात नाव चढवणं, अशा कामांचे अर्ज मी दिवसभर टाइप करतो. अर्जाची सुरुवात ठरलेली असते. 'वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की' इथपर्यंत बोटं आपोआप जातात. समोरच्या माणसाचं म्हणणं त्यानंतर ऐकलं तरी चालतं. बावीस वर्षं हे काम करतोय, आणि याच बोटांनी अधूनमधून कथाही लिहितो. चार-पाच छापून आल्या आहेत. पण ज्या कथेचा मला खरा अभिमान आहे, तिने मला जेवढं रडवलं तेवढं एकाही अर्जाने रडवलं नाही.

ही कथा माझ्या ताईची. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आमच्याच किनाऱ्यावरच्या गावात दिलेली. भावोजी रापणीत होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते, मग दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभे राहून तीस-चाळीस माणसं तासभर ओढतात. आलेल्या मासळीत दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. नऊ वर्षांपूर्वी भावोजी छातीत दुखण्याचं निमित्त होऊन गेले. महिनाभराने ताई एका सकाळी किनाऱ्यावर गेली आणि त्यांच्या जागी तिने दोर धरला. आमच्या गावात तोपर्यंत बायका मासळी निवडायच्या, विकायच्या. दोर पुरुषांचा होता. त्या दिवसापासून ताई रापणकरीण झाली, ती आजतागायत.

दोन वर्षांपूर्वी मी ही गोष्ट नावगाव बदलून कथा म्हणून लिहिली आणि पुण्याच्या एका दिवाळी अंकाला पाठवली. ऐन पावसाळ्यात संपादकांचा फोन आला. दुकानात गर्दी होती. मी छत्री घेऊन बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिलो.

"कथा चांगली आहे," ते म्हणाले, "पण ती पाचव्या पानावर सुरू होते. आधीची चार पानं कुणीही लिहू शकेल."

त्या चार पानांत मी पहाटेचा समुद्र लिहिला होता. माझ्या मते तीच सगळ्यात उत्तम पानं होती. मी जरा रागानेच म्हणालो, "मग ती काढून टाका आणि पाचव्यापासून छापा."

"काढून बघितली. मग बाई एकदम दोर ओढतानाच दिसते. ती त्या दोरापर्यंत आली कशी, हे कुठेच नाही. ते फक्त तुम्हालाच ठाऊक असणार. पुन्हा सुरुवात करा. चतुर्थीच्या आधी पाठवा."

दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, दुकानाचं अर्धं शटर ओढून नवा कागद घेऊन बसलो.

दुसरी सुरुवात मी भावोजींच्या मृत्यूपासून केली. इस्पितळाचा पॅसेज, ताईच्या हातातली औषधांची पिशवी. लिहिताना माझे डोळे भरून आले, म्हणून मला वाटलं, जमलं. संध्याकाळी घरी बायकोला वाचून दाखवलं. माझी बायको मसुऱ्याची. अंगणवाडीत शिकवते आणि कथा ऐकताना हातातलं काम थांबवत नाही. ती वाली सोलत होती.

"रडू येता वाचून," ती म्हणाली. "पण ही गोष्ट भावोजींची झाली. ताई खंय आसत यात?"

तिसऱ्या सुरुवातीत मी दोन म्हाताऱ्या रापणकरांना बोलायला लावलं, तर ते नाटकातल्यासारखं वाटायला लागलं. चौथी ताईच्या लहानपणापासून केली. ती वाढत वाढत गेली आणि लग्नापर्यंत येईतो अकरा पानं झाली. पाचवीला मी हुशारी केली. एका ओळीत 'तिने दोर धरला' एवढंच लिहिलं आणि पूर्णविराम दिला. त्या दिवशी घरी जाताना मी शीळ घालत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच ओळ एखाद्या जाहिरातीच्या फलकासारखी दिसली.

सहाव्या सुरुवातीत समुद्र परत आला. सातवी लिहिताना मी इतका थकलो होतो, की तिचं पहिलं वाक्य मी कसं लिहिलं ते बायकोने वाचेपर्यंत मला कळलंच नाही. ती मोठ्याने हसली. "अहो, ह्यो अर्ज झालो! 'सदर महिला ही मयत रापणकर यांची पत्नी असून'!"

मीही हसलो, पण मला बरंच लागलं. कागद चुरगळायला घेतला, तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. आधीचे कागदही मागवले. सगळे जमिनीवर ओळीने मांडले आणि एकेक वाचत गेली. त्या दिवशी मात्र तिच्या हातात काहीच काम नव्हतं.

"एक सांगू? राग मानू नकात," ती म्हणाली. "सगळ्या सुरवातींत ताई तुमका पाठमोरीच दिसतत. तुमी लांबून बगतास. त्यांचा तोंड एकातय नाय."

मी पुन्हा पाहिलं. खरंच होतं. 'वाळूत चालत जाणारी आकृती.' 'दूरवर दोराच्या शेवटी उभी असलेली बाई.' सात वेळा सुरुवात केली होती आणि सातही वेळा मी तिच्या पन्नास पावलं मागे उभा होतो.

"ताईंका इचारलास कधी, त्या सकाळी नेमका काय झाला ता?" बायकोने विचारलं.

नव्हतं विचारलं. सात वर्षांत एकदाही नाही. मला वाटायचं, मला सगळं माहीत आहे.

रविवारी मी ताईकडे गेलो. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, मासेमारी सुरू झाली होती. ती पडवीत बसून फाटलेलं जाळं सांधत होती. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण दंड अजून एखाद्या गड्याचे असावेत तसे. मी कथेचं सांगितलं. ती लाजली, मग म्हणाली, "माजी कसली गोष्ट? दोर ओडलंय, आणि काय?"

"त्या सकाळी तुझ्या मनात पहिलं काय आलं?" मी विचारलं. मला वाटलं होतं, ती भावोजींबद्दल बोलेल, हक्काबद्दल बोलेल.

तिने जाळ्यातली गाठ दातांनी ओढून घट्ट केली. "चपला," ती म्हणाली.

"चपला?"

"नवीन होत्यो रे. आदल्या आठवड्याक घेतलेल्यो. वाळयेत ठेवल्यो तर लाट नेतली, नायतर कुत्रो. दोर ओडूक तर उगड्या पायांनी जावक होया. माका कळाना, चपला खंय ठेवूच्यो." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "मगे तुज्या हातात दिलंय."

"माझ्या?"

"मगे कोणाच्या? तू माज्याबरोबर इल्लंस ना! माडाखाली उबो होतंस. 'धर' म्हटलंय, तू धरलंस."

ती बोलत गेली तसं एकेक आठवायला लागलं. त्या सकाळी तीच मला बोलवायला आली होती. एकटीने जायला संकोच वाटत होता तिला. मी गेलो, पण माडाच्या पुढे माझे पाय गेले नाहीत. किनाऱ्यावरची माणसं आमच्याकडे बघत होती. ती चालत दोराकडे गेली आणि मी तिच्या चपला दोन्ही हातांत धरून तासभर तिथेच उभा राहिलो. तिच्या मागे जाऊन दोर धरावा असं मला एकदाही वाटलं नाही. वाटलं एवढंच, की लोक काय म्हणतील. हे मी विसरलो नव्हतो. हे मी कुठेतरी ठेवून दिलं होतं आणि त्याच्यासमोर कधी समुद्र, कधी इस्पितळ उभं केलं होतं.

"ताई, मी तुझ्यासोबत यायला हवं होतं," मी म्हणालो.

"कित्याक?" तिला खरंच नवल वाटलं. "तू नसतंस तर सगळो येळ चपलांचो घोर लागलो असतो माका. मन लावन ओडूक मिळाला नसता."

ती मला दिलासा देत नव्हती. तिला तसंच वाटत होतं. मग तिने पुढचं सांगितलं. रापणीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, तिला म्हणाला होता, "गो, बायलमाणसान दोर धरूचो नसता. घराक जा. तुजो वाटो तुका पोचतलो." वाईट माणूस नव्हता. मायेनेच म्हणाला होता.

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलंय, तुमी पोचयतलास तो उपकाराचो वाटो. माका माजो होयो." तिने सुई खाली ठेवली. "आणि शेवटच्या माणसाच्या पाठी जावन दोर धरलंय. कोण कायच बोलाक नाय. तो शेवटचो मात्र वायच फुडे सरकलो. माका जागा केल्यान."

तांडेलाला दिलेलं हे उत्तर मी किनाऱ्यावर असूनही ऐकलं नव्हतं. तेवढ्या लांबून ऐकू येणं शक्यच नव्हतं.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं. एक आजोबा वारस नोंदीचे कागद घेऊन पायरीवर बसले होते. त्यांना म्हटलं, अर्धा तास थांबा. त्यांनी मान डोलावली आणि तंबाखूची डबी काढली. मी अर्जाच्या फाइली बंद केल्या आणि लिहिलं:

'चपला नव्या होत्या, म्हणून तिने त्या वाळूत ठेवल्या नाहीत. पाठच्या भावाच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "धर." त्याने धरल्या. त्यापुढे जायचं धैर्य त्याच्यात नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं.'

पुढचं पान हात न थांबता झालं. समुद्र कुठेच आला नाही. तांडेल आला, उपकाराचा वाटा आला, जागा करून देणारा माणूस आला. त्यानंतर जुनं पाचवं पान होतं तसंच्या तसं जोडता आलं, एका शब्दाचाही सांधा दिसला नाही. मी मान वर केली तेव्हा अर्धा तास कधीच उलटून गेला होता. आजोबा शांत बसून होते. "झाला तुमचा महत्त्वाचा काम?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "झालं." तो शब्द उच्चारताना माझी छाती अशी भरून आली होती, की त्यांचा अर्ज टाइप करताना मी दोनदा चुकलो.

संपादकांनी फोनवर फार काही म्हटलं नाही. "आता पहिल्या ओळीपासून आहे," एवढंच म्हणाले. ते मला पुरलं.

अंक आल्यावर गावच्या वाचनालयात ही कथा वाचायचं ठरलं. पन्नासेक माणसं जमली होती, त्यात अर्धे रापणकर. तांडेल आता थकलाय, काठी टेकत आला आणि पहिल्या ओळीत बसला. ताई दुसऱ्या ओळीत, नवी साडी नेसून, डोकं खाली घालून. भाऊ चपला धरून माडाखाली उभा राहतो, ते वाचताना मी नजर चुकवली नाही. सगळ्यांना कळलं होतं, हा भाऊ कोण ते.

वाचन संपलं. तांडेल काठीवर जोर देऊन उठला. मी मनाची तयारी केली.

"मी असाच बोललंय तिका," तो म्हणाला. "एक शब्द कमी नाय, जास्त नाय. पण ह्यान फुडचा लिवक नाय. दुसऱ्या दिवशी ही येवक नाय म्हणान हाकारूक मीच हिच्या दारात गेल्लंय."

ताईने प्रथमच डोकं वर केलं. "गेलास," ती मागून म्हणाली, "पण तुमी पोचाच्या आदी मी दर्यार होतंय. दुसऱ्या वाटेन गेल्लंय."

वाचनालय हसण्याने भरून गेलं. तांडेलही हसला, आणि खाली बसण्याआधी त्याने मागे वळून तिच्यापुढे हात जोडले. मी बरंच लिहिलं असेल, पण ते हात जोडणं मला लिहिता आलं नसतं.

एक अंक मी भाचीला पाठवला. ती कोल्हापूरला इस्पितळात नर्स आहे. भावोजी गेले तेव्हा शाळेत होती. आठवड्याने तिचा फोन आला. "मामा, आयेन माका ह्यातला कायच सांगूक नाय कधी," ती म्हणाली. मग मालवणी सोडून शहरात बोलतात तसं म्हणाली, "वॉर्डातल्या दोघी मैत्रिणींना वाचून दाखवलं. त्यांना सांगितलं, ही माझी आई आहे. बनवलेली नाही, खरी आहे."

त्याच संध्याकाळी मी हे ताईला सांगायला गेलो. ती नुकतीच दर्यावरून आली होती, पदर ओला होता, तळवे दोराने लाल झाले होते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग तळवे एकमेकांवर चोळत म्हणाली, "तिका सांग, सुट्टीत ये. दोर कसो धरतत ता शिकयतंय."