गाडी रिकामीच येते, साहेब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, जिच्याजवळ मी एरवी सगळं ओकून मोकळी होते त्या धाकट्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. कधी माझ्या गाडीत बसला असाल, तरी माझ्या तोंडाकडे बघितलं नसेल. लोक कंडक्टरच्या हाताकडे बघतात — सुटे देते की नाही, एवढंच.

मी नाशिकच्या शहर बसवर कंडक्टर आहे. कंत्राटी. म्हणजे आज आहे, उद्याचं कुणी सांगावं? हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला स्वतःलाच याची ढाल करावीशी वाटेल. करू देऊ नका.

एका बाईच्या पोटावर मी पाय दिला. चारचौघांत, दिवसाढवळ्या, आणि तो देताना माझा आवाजसुद्धा कापला नाही. पण हे असं एकदम सांगून कळायचं नाही. थांबा — आधी सकाळचं सांगते.

सायखेड्याच्या बाजूला एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथून आमची पहिली फेरी सुटायची. अंधारात डेपोतून निघायचं, रिकामी गाडी गावात न्यायची, थोडा वेळ थांबायचं आणि माणसं भरून उजाडायच्या आत पंचवटीतल्या निमाणी स्टँडवर आणायची. ही ड्युटी कुणाला नको असायची. मी नवीन, म्हणून माझ्या गळ्यात.

आता एक गोष्ट सांगते. तुम्ही बाई असाल तर लगेच कळेल, पुरुष असाल तर जरा लाजाल. लाजा. त्या गावात गाडी वळते तिथे संडास नाही. मुतारी नाही, आडोसा नाही, काही नाही. आमचे ड्रायव्हर पवारकाका गाडीच्या मागे जाऊन यायचे, की झालं. मी कुठे जायचं? पहिले काही दिवस मी रात्रीपासून पाणीच प्यायले नाही. मग पाळी आली. त्या सकाळी मी युनिफॉर्ममध्ये गाडीभोवती नुसत्या चकरा मारत होते, आणि डोळ्यांत पाणी येत होतं — रागाचं. आपण एवढ्या लोकांना पोहोचवणार, आणि आपल्याला बसायला चार विटा नाहीत?

तिथेच कडेला इंदूमावशीचं दोन खोल्यांचं घर. मावशी एकटी बाई, नवरा कधीच गेलेला, मुलगी सिन्नरला दिलेली. अर्ध्या एकरात झेंडू आणि शेवंती. ती फुलांच्या पाट्या घेऊन गाडीची वाट बघत उभी होती. तिनं माझ्या चकरा बघितल्या. काही विचारलं नाही. जवळ येऊन हळूच म्हणाली, "संडास मागं हाय. कडी नीट बसत नाय, मी उभी ऱ्हाते भाईर."

आणि ती उभी राहिली. त्या दिवशी आणि नंतर रोज. निफाडकडची थंडी तुम्हाला ठाऊक असेल, हाडं गोठायची. मावशी चुलीवर पाणी ठेवून द्यायची आणि बादली आत सरकवायची. पुढे तिनं माझ्यासाठी साबणाची वेगळी वडी ठेवली. माझ्या सख्ख्या सासूनं माझं इतकं केलेलं नाही.

मग एकदा गाडीत मावशीनं पैसे पुढे केले आणि मी म्हटलं, राहू दे मावशी. ती ऐकेना. फुकट कशाला जाऊ, म्हणाली. मी म्हटलं, घरच्या माणसाकडून कुणी घेतं का? हे वाक्य मीच म्हटलं, तिनं कधीच मागितलं नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी बरीच वर्षं हे सोयीनं विसरत आलेय.

मी मावशीचं तिकीट कापत नाही हे तिच्या शेजारणीनं बघितलं. तिला नाही कसं म्हणू? तीही फुलंवाली, तीही कधीतरी चहा द्यायची. मग तिची जाऊ. मग भाजीवाल्या. बघता बघता त्या गावातून चढणाऱ्या कुणाचंच मी तिकीट कापेनाशी झाले. पुढच्या थांब्यांवरचे थोडे लोक तेवढे तिकिटाच्या मशीनमध्ये दिसायचे. एवढ्या सकाळी तपासनीस कधी यायचा नाही. मावशीला वाटायचं, ताईला वर कुणाची तरी परवानगी असेल. मी तिला तसं वाटू दिलं.

आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? गाडी वळली की "ताई आली" म्हणून बायका उठायच्या. कुणी मेथीची जुडी द्यायचं, कुणी पेरू. दसऱ्याला माझ्या घराला लागतील त्याच्या दुप्पट फुलं. घरी मी भाकरी थापणारी, गाडीत मी देणारी. दुसऱ्याच्या खिशातून दानशूर व्हायला काय लागतं? पवारकाकांनी एकदा टोकलं होतं. ताई, बॅग रोज हलकी येतेय, कुणीतरी विचारेल. मी हसण्यावारी नेलं.

मग ती बातमी आली. पालिकेनं बससेवेसाठी हात आखडता घ्यायचं ठरवलं होतं. तोट्यातल्या फेऱ्या बंद करायच्या, त्यात गावाकडच्या आधी. अजून नुसता प्रस्ताव होता, पण डेपोत सगळे दबक्या आवाजात बोलत होते. यादीत माझी पहिली फेरी असणार, हे मला न बघता कळलं. मशीनच्या हिशेबानं ती गाडी रोज जवळजवळ मोकळी धावत होती. आत मात्र पाय ठेवायला जागा नसायची.

इथे तुम्हाला मावशीच्या जागेबद्दल सांगायला हवं. पंचवटीत जिथे ती बसायची, तिथे फुलवाल्यांची जागा कुणाच्या नावावर नसते. उजाडायच्या आत येऊन गोणपाट अंथरलं की ती तुमची. चार दिवस दिसला नाहीत, की दुसरी कुणी बसते, आणि मग ती उठत नाही. मावशीच्या जागेवर आधी तिची सासू बसायची. घाटाकडे उतरणारा प्रत्येक माणूस त्या जागेवरून जातो, म्हणून तिचा माल दहाच्या आत संपायचा. ती जागा टिकली होती ती या एका गाडीमुळे. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि सकाळचा जीपवाला पाट्या घेतच नाही.

म्हणजे गाडी गेली की जागा गेली. हे मला माहीत होतं. तिच्याच तोंडून ऐकलं होतं.

मग मी दुसऱ्या दिवसापासून तिकिटं कापायला सुरुवात का केली नाही? अजून वेळ होता. रोज सकाळी ठरवायचे — आज सगळ्यांना स्पष्ट सांगायचं. आणि रोज सकाळी मावशी बादली आत सरकवायची. तिच्या घरातून बाहेर येऊन तिच्यापुढे हात पसरायचा? आणि समजा पसरला — एका दिवसात तिकिटं अशी वाढली, तर डेपोत विचारणार नाहीत का, की ही माणसं कालपर्यंत कुठे होती? माझी झोप उडाली. गाडीच्या मागे मोटरसायकल दिसली तरी तपासनीसच वाटायचा. बायका हसत चढायच्या आणि मला त्यांचा राग यायचा. हो, राग. जणू त्यांनीच मला अडकवलं होतं.

गावानं अर्ज केला, गाडी बंद करू नका म्हणून. एका दुपारी सरपंच आणि दहा-बारा जण डेपोत आले. बाया जास्त. पालिकेकडून एक अधिकारी आले होते. मला बोलावणं येणार हे ठाऊक होतं. मी बाहेर बाकावर बसून होते.

आत गेले तेव्हा सरपंच तावातावानं सांगत होते की गाडी खचाखच भरून येते. ते स्वतः चारचाकीनं फिरतात, या गाडीत कधी बसलेले नाहीत, पण बोलत होते ते खरं. अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्यांनी कागद बाजूला सारला आणि मला म्हणाले, कंडक्टरनं गाडी भरते असं सांगितलं तर मी आठवडाभर स्वतः माणूस बसवून ही फेरी तपासतो, तोवर बंद करत नाही. मग त्यांनी विचारलं, "बोला ताई. माणसं असतात की नसतात?"

भिंतीला टेकून मावशी उभी होती. धुवट लुगडं, डोक्यावर पदर. माझ्याकडे बघून जरासं हसली. तिला वाटलं, आता आपली पोरगी सांगेल.

"गाडी रिकामीच येते, साहेब," मी म्हटलं. "जीपनं जातात सगळे."

तुम्हाला सांगते, त्या क्षणी कुणीही एक वाक्य बोललं असतं तरी मी संपले असते. आम्ही बसतो, पण ही तिकिटाचे पैसेच घेत नाही. बस, एवढं. सरपंच चक्रावून बायांकडे वळले. काय गं, तुम्ही तर म्हणत होता रोज जाता? शेजारीण बोलायला तोंड उघडत होती. मावशीनं तिच्या दंडावर हात ठेवला. तिला सगळं तेव्हाच कळलं, हे मी तिच्या डोळ्यांत बघितलं. परवानगी वगैरे काही नव्हती, आणि खरं बोललं तर हिची नोकरी जाणार, हे दोन्ही.

"ताई म्हन्ती ते खरं आसंल," मावशी म्हणाली. "आम्ही जातो कधीमधी. रोज नाय."

अधिकाऱ्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला.

मी आधी बाहेर पडले. जिन्यात मावशीनं मला गाठलं. मला वाटलं, आता थोबाडीत देईल. द्यावी असंही वाटलं. ती जवळ आली, इकडेतिकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "आता सकाळचं तू कुठं जाशील गं?"

ती उतरून गेली.

फेरी बंद झाली. मला शहरातली ड्युटी मिळाली, सोयीची, दोन्ही टोकांना संडास असलेली. मावशीनं काही दिवस एका दूधवाल्याच्या गाडीतून पाट्या आणल्या, मग तो नाही म्हणाला. मग जीप, उन्हं चढल्यावर. हे मला पवारकाकांनी सांगितलं. त्यांचे पाहुणे त्या गावात आहेत. मी एकदा मुद्दाम पंचवटीत गेले. मावशीच्या जागेवर एक तरुण बाई बसली होती, मुलाला मांडीवर घेऊन गजरे ओवत. तिच्याशी काय भांडायचं? मी तिच्याकडून गजरा घेतला आणि परत आले. झेंडूचं रान मावशीनं दुसऱ्याला करायला दिलंय. ती आता पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये जाते. मालकाचा टेम्पो गावातून बाया भरून नेतो आणि आणतो. दिवसभर थंडगार खोलीत उभं राहून घडांतले खराब मणी निवडायचे. या वयात.

नोकरी गेली असती तर माझ्या घरी काय झालं असतं, हे मी स्वतःला खूपदा सांगून बघितलं. नाइलाज होता. पालिकेनं ती फेरी तशीही कधीतरी बंद केलीच असती. असेलही. पण मला त्या दिवशी हे काही सुचलं नव्हतं. मला फक्त एवढं सुचलं होतं की ही बाई बोलणार नाही. तिच्या चांगुलपणाचा अंदाज मला बरोबर आला होता, आणि त्याच्याच भरवशावर मी खोटं बोलले. माझ्यातलं सगळ्यात घाण जे काही आहे, ते हे आहे.

गेल्या महिन्यात मावशी माझ्या गाडीत चढली. शहरातल्या गाडीत, भर दुपारी. डोळे दाखवायला आली होती म्हणे. वाळली आहे. गर्दी होती, मी मागून तिकिटं कापत पुढे येत होते, आणि अचानक समोर ती. मला ओळखलं. हसली नाही, तोंडही फिरवलं नाही. मी जवळ पोहोचायच्या आधीच तिनं कमरेची पिशवी सोडली आणि पैसे काढून हात लांब केला.

राहू दे मावशी, हे माझ्या तोंडापर्यंत आलं. मागे दोन माणसं ऐकत उभी होती, आणि हल्ली आमच्याकडे कॅमेरे आहेत.

मी पैसे घेतले. तिकीट कापलं. तिनं ते नीट घडी करून पिशवीत ठेवलं, आणि मी पुढच्या माणसाकडे वळले.